पद्मिनीचे इंजिन : दुरुस्तीपूर्वीचा ताळेबंद

व्यापारी पेठांतील जुन्या वाड्यांत, वखारीच्या मागील पडवीत किंवा बंगल्याच्या पोर्चमध्ये ताडपत्री पांघरलेली प्रीमियर पद्मिनी आजही अधूनमधून दृष्टीस पडते. ती विकावी तर मनास पटत नाही, चालवावी तर वाटेत रुसते, आणि नुसतीच उभी ठेवावी तर गंज आपले काम करीतच राहतो. घरातील वडीलधारी मंडळी आणि तरुण पिढी यांच्यात तिच्यावरून जी चर्चा होते, तिचा शेवट बहुधा गॅरेजमधून आलेल्या एका वाक्याने होतो : "शेठ, फुल इंजिन करावे लागेल." या वाक्यात पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्रँकचे ग्राइंडिंग, ब्लॉकचे बोअरिंग आणि हेडचे काम असा सगळाच खर्च सामावलेला असतो. तो काही वेळा अपरिहार्य असतो. परंतु पुष्कळदा ती नाडी न पाहताच केलेली शस्त्रक्रिया ठरते. हे इंजिन मुळात कसे आहे आणि कोठे हटकून बिघडते, हे ज्याला ठाऊक आहे, तो मालक होकार देण्यापूर्वी योग्य तो प्रश्न विचारू शकतो.

प्रथम त्याचे कुळ. पद्मिनी हे नाव १९७४ सालचे असले, तरी तिचे इंजिन त्याहून पुष्कळ जुने आहे. ६८ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक आणि १०८९ घनसेंटीमीटर क्षमता हे माप इटलीतील फियाट कंपनीने १९३७ साली आपल्या '५०८ सी' या मोटारीसाठी योजिले होते. पुढे १९५३ साली आलेल्या '११००-१०३' या मोटारीतही तेच माप कायम राहिले. आपल्याकडे जी 'डिलाइट' म्हणून आली आणि नंतर 'प्रेसिडेंट' व 'पद्मिनी' या नावांनी ओळखली गेली, तिचे बाह्यरूप फियाटच्या '११०० डी' या मॉडेलचे. मात्र इटलीतील '११०० डी'मध्ये सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर करून १२२१ घनसेंटीमीटरचे इंजिन बसवले होते. भारतीय गाडीत जुने १०८९चेच राहिले. हा भेद केवळ जिज्ञासेचा नाही. हल्ली परदेशातून '११०० डी'चे म्हणून पिस्टन, रिंगा किंवा हेड गॅस्केट मागवणारे हौशी मालक आढळतात. नाव एकच असल्याने पार्सल उघडेपर्यंत चूक लक्षात येत नाही, आणि ७२ मिलिमीटरचा पिस्टन ६८च्या सिलिंडरात बसवण्याची युक्ती अद्याप कोणास साधलेली नाही.

हे इंजिन या भूमीत रुजले ते सोलापूरच्या एका जैन व्यापारी घराण्यातील पुरुषामुळे, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही वाहनांच्या उद्योगात स्वदेशी पाऊल टाकले. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि मुंबईत कुर्ला येथे कारखाना उभा राहिला. प्रारंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डी सोटो या भारदस्त गाड्यांची तेथे जुळणी होत असे. मध्यमवर्गास व लहान पेढ्यांना परवडणारी गाडी आली ती फियाटच्या सहकार्याने. वालचंदांचे १९५३ साली निधन झाले. फियाटची घरोघरी झालेली चलती त्यांनी पाहिली नाही.

परवाना-राज्यात गाडीची मागणी नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, हे आज साठी ओलांडलेल्या प्रत्येकास स्मरत असेल. स्पर्धा नसल्याने इंजिनात मूलभूत सुधारणा करण्याची निकडही कंपनीस भासली नाही. त्याची दुसरी बाजू अशी की कित्येक दशके एकच इंजिन राहिल्यामुळे मुंबईच्या टॅक्सीतळापासून तालुक्याच्या गावापर्यंत त्याचे सुटे भाग आणि त्याची नस जाणणारे मिस्त्री तयार झाले. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तुलना उघडी पडली. मारुतीचे तीन सिलिंडरांचे ७९६ घनसेंटीमीटरचे इंजिन आकाराने लहान असूनही शक्तीत पद्मिनीच्या जवळपास पोहोचत होते, आणि त्या गाडीचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, तर पद्मिनीचे सुमारे नऊशे. तरीही मुंबईची टॅक्सी म्हणून पद्मिनी दीर्घकाळ टिकली. तेथील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे झाली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण होताच ३० ऑक्टोबर २०२३पासून काळ्या-पिवळ्या रंगातील पद्मिनी इतिहासजमा झाली. खासगी मालकांकडील गाड्या मात्र उरल्या आहेत, आणि प्रश्न त्यांचाच आहे.

आता रचना. ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. त्यावरील हेड अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. कॅमशाफ्ट ब्लॉकच्या कुशीत असून ती साखळीने फिरते आणि पुशरॉड व रॉकर यांच्या साहाय्याने हेडमधील व्हॉल्व्ह उघडते. क्रँकला आधार देणारी मुख्य बेअरिंगे तीनच. आधुनिक चार सिलिंडरी इंजिनात ती पाच असतात. शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती, तीही मिनिटाला ४८०० फेऱ्यांच्या आसपास. कॉम्प्रेशनचे गुणोत्तर आठाच्या आत. इंधन ओढणारा पंप यांत्रिक, कॅमशाफ्टवरच चालणारा, कार्ब्युरेटर सोलेक्सचा, ठिणगी देण्यास पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल. प्लगांचा पेटण्याचा क्रम १-३-४-२. संगणक नाही, सेन्सर नाही. जे बिघडते ते डोळ्यांनी दिसते, कानांनी ऐकू येते किंवा नाकास जाणवते.

गुणोत्तर आठाच्या आत असल्याचा एक व्यवहारी अर्थ येथेच सांगितलेला बरा. आज पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलचे ऑक्टेन या इंजिनाला पुरून उरते. जुनी गाडी नाजूक म्हणून तिला महागडे, अधिक ऑक्टेनचे पेट्रोल पाजणे हा निव्वळ अपव्यय होय. अधिक ऑक्टेन म्हणजे अधिक शक्ती नव्हे. अधिक दाबाखाली अवेळी न पेटण्याचा तो गुण आहे, आणि येथे तसा दाबच नाही.

या इंजिनाचा खरा वैरी उष्णता आहे. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड या दोन धातूंचे उष्णतेने प्रसरण सारखे होत नाही. एक मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी शंभर अंशांनी तापवली तर ती सुमारे २.३ मिलिमीटर वाढते. तेवढीच लोखंडी पट्टी त्याच्या जवळपास निम्मी. हेड आणि ब्लॉक हे एकमेकांस बोल्टांनी आवळलेले, मध्ये पातळ गॅस्केट, आणि गाडी चालू-बंद होण्याच्या प्रत्येक वेळी वरचा धातू खालच्या धातूवर केसभर सरकू पाहतो. इंजिन आपल्या नेमस्त तापमानात राहिले तर गॅस्केट हे वर्षानुवर्षे सहन करते. एकदा का पाणी आटून इंजिन बेसुमार तापले, की हेड वाकते, आणि वाकलेल्या हेडखाली कितीही नवे गॅस्केट घातले तरी ते टिकत नाही. 'दर सहा महिन्यांनी गॅस्केट उडते' अशी तक्रार असलेल्या गाडीत दोष गॅस्केटचा नसून त्याच्या वरच्या पृष्ठभागाचा असतो. सरळ पट्टी आडवी ठेवून फीलर गेजने हेडची वक्रता मोजता येते. मर्यादेत असेल तर हेड फेसिंग करून सपाट होते. मात्र प्रत्येक फेसिंगमध्ये हेडची जाडी कमी होते, म्हणून पूर्वी किती वेळा फेसिंग झाले आहे याची नोंद ठेवलेली असावी. खतावणीत पै-पैची नोंद ठेवणाऱ्या घरांतही गाडीची अशी वही क्वचितच सापडते.

गॅस्केट गेल्याची लक्षणे ओळखणे कठीण नाही. तेलाच्या झाकणाच्या आतील बाजूस दुधाच्या सायीसारखा पांढुरका फेस जमतो. रेडिएटरचे झाकण काढून थंड इंजिन सुरू केले असता पाण्यात सतत बुडबुडे येतात. सायलेन्सरमधून, इंजिन तापल्यावरही, गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो. पावसाळ्यात थोड्याच अंतरासाठी गाडी फिरवणाऱ्यांच्या झाकणाखाली दमटपणाने थोडा फेस येऊ शकतो. केवळ तेवढ्यावरून हेड उतरवण्यास संमती देऊ नये.

उष्णतेची ही व्याधी बहुतेक वेळा मालकाच्या घरातूनच जन्म घेते. नळाचे किंवा विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले जाते. महाराष्ट्राच्या पठारी भागातील भूजल पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यातील क्षार ब्लॉकच्या पाणीवाटांत आणि रेडिएटरच्या नळ्यांत पुटे धरतात. शिवाय दोन भिन्न धातू एकाच पाण्यात भिजत राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. हेड उतरवल्यावर पाण्याच्या छिद्रांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात, त्याचे कारण हेच. गंजरोधक मिसळलेले कूलंट शुद्ध पाण्याबरोबर योग्य प्रमाणात भरणे हा यावरचा साधा उपाय. त्याची किंमत आणि हेडच्या कामाची किंमत शेजारी शेजारी मांडली, तर निर्णयास वेळ लागू नये.

येथे एका जुन्या रूढीचा समाचार घेणे भाग आहे. "आपल्या उष्ण हवेत थर्मोस्टॅटची गरज नाही" असे म्हणून तो काढून टाकण्याची पद्धत दोन पिढ्यांच्या मिस्त्रींनी चालवली. थर्मोस्टॅट ही इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप आहे. ती काढल्याने इंजिन आपल्या योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, आणि थंड इंजिनातच सिलिंडर व रिंगा सर्वाधिक झिजतात, कारण न जळलेले पेट्रोल भिंतींवरील तेल धुऊन टाकते. म्हणजे गाडी तापू नये म्हणून केलेला उपाय बोअर झिजवण्यास हातभार लावतो, आणि मूळ कारण, म्हणजे तुंबलेला रेडिएटर, तसेच राहते. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल, तर टाक्या उघडून, नळ्यांतून सळई फिरवून तो साफ करता येतो. हे काम जाणणारे कारागीर अजून आहेत. रेडिएटरचे झाकणही नुसते झाकण नव्हे. ते पाणी दाबाखाली ठेवते. अर्ध्या वातावरणाइतका दाब वाढला तर पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १११ अंशांवर जातो. सैल झालेले झाकण हा लाभ हिरावून घेते, आणि झाकण बदलण्याचा खर्च तो काय!

पाण्याच्या पंपाकडे आणि पंख्याच्या पट्ट्याकडे लक्ष ठेवण्यास मिस्त्रीही लागत नाही. पंपाखालील छोट्या छिद्रातून थेंब पडू लागले की आतील सील गेले असे समजावे. पट्टा बोटाने दाबून पाहावा. तो फार सैल नसावा आणि फार ताणलेलाही नसावा, कारण अति ताणाने पंपाचेच बेअरिंग जाते.

बोरघाटात किंवा कसाऱ्याच्या चढावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाटींची रांग आणि इंधनपंपावर ओले फडके टाकणारा चालक हे दृश्य एका पिढीच्या प्रवासस्मृतीचा भाग आहे. त्यास 'व्हेपर लॉक' म्हणतात. यांत्रिक पंप इंजिनालाच चिकटलेला असतो आणि तो इंधन ओढून घेतो. ओढताना नळीतील दाब उतरतो, आणि उतरलेल्या दाबाखाली तापलेले पेट्रोल नळीतच वाफ होते. पंप वाफ ढकलू शकत नाही, गाडी बंद पडते. ओले फडके ही तात्पुरती मलमपट्टी. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये उष्णतारोधक जाड चकती असते. कुण्या दुरुस्तीत ती गहाळ होऊन साध्या पुठ्ठ्याच्या गॅस्केटवर पंप बसवलेला असतो. प्रथम ती चकती पाहावी. त्यानंतर पेट्रोलची नळी एक्झॉस्टच्या किती जवळून जाते ते पाहावे.

इंधनाच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत जो बदल झाला आहे, त्याकडे मात्र पद्मिनीच्या मालकांनी विशेष गांभीर्याने पाहिले पाहिजे. आता देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते. पद्मिनीची इंधनव्यवस्था अशा मिश्रणासाठी कधीच बनवलेली नव्हती. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबरास फुगवते, मऊ करते आणि काही काळाने त्यास तडे जातात. पंपातील पडदा, कार्ब्युरेटरमधील वॉशर आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रबरी नळ्यांचे तुकडे यांस ते बाधते. गळणारी नळी जर तापलेल्या इंजिनावर टपकत असेल, तर प्रश्न गाडीच्या विश्वासार्हतेचा उरत नाही. तो आगीचा होतो. घरातील कोणीही गाडी चालवण्यापूर्वी या नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या दर्जाच्या बसवून घ्याव्यात आणि क्लिपा नव्या लावाव्यात. बाकीची कामे पुढल्या महिन्यावर ढकलता येतील, हे काम येणार नाही.

दुसरी बाब अशी की एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि ते जळण्यास हवाही कमी लागते. आधुनिक गाडीचा संगणक हे ओळखून इंधनाची मात्रा वाढवतो. सोलेक्सच्या जेटला अशी बुद्धी नसते; ठरलेल्या छिद्रातून ठरलेलेच इंधन येते. परिणामी मिश्रण पातळ होते, गाडी ओढताना अडखळते, आणि पातळ मिश्रणाने इंजिन अधिक तापते. ज्याच्या हाताला कार्ब्युरेटरचा सराव आहे, असा मिस्त्री किंचित मोठा जेट बसवून आणि प्लगांचा रंग पाहून हे जुळवू शकतो. प्लगाचे टोक फिकट तपकिरी असणे इष्ट. पांढरेफटक असेल तर मिश्रण पातळ, काजळीने काळे असेल तर घट्ट.

इथेनॉल हवेतील ओलही शोषते. चातुर्मासात प्रवास आवरता घेणाऱ्या घरांत गाडी नेमकी पावसाळ्याचे चार महिने उभी राहते. अर्धवट भरलेल्या टाकीत ओल जमते, पाणी जड होऊन तळाशी बसते आणि पत्र्याच्या टाकीस आतून गंज धरतो. दिवाळीत गाडी काढली की तोच गंज फिल्टर ओलांडून जेटमध्ये अडकतो, आणि मग "कार्ब्युरेटर बदला" असा सल्ला मिळतो. आषाढ लागण्यापूर्वी एक तर टाकी जवळजवळ रिकामी करून ठेवावी, किंवा आठ-पंधरा दिवसांनी गाडी पुरेशी गरम होईपर्यंत चालवावी. नुसते जागेवर पाच मिनिटे इंजिन घरघरवणे निरुपयोगी; त्याने तेलात ओल तेवढी वाढते.

विनाशिशाच्या पेट्रोलाविषयीही जुन्या मालकांत भीती आढळते. २००० सालापासून शिसेयुक्त पेट्रोल देशात बंद झाले. शिसे हे व्हॉल्व्हच्या बैठकीस एक प्रकारचे वंगण पुरवीत असे. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये या बैठका वेगळ्या धातूच्या कड्या ठोकून केलेल्या असतात, म्हणून त्या कड्या कोणत्या प्रतीच्या आहेत यावर सर्व अवलंबून आहे. हेड कोणत्याही कारणाने उतरलेच, तर एक्झॉस्टच्या बाजूस कठीण धातूच्या कड्या बसवून घेणे शहाणपणाचे. मुंबईतील ज्या टॅक्सी पुढे सीएनजीवर चालल्या, त्यांच्यापैकी एखादी गाडी किंवा तिचे इंजिन कोणी घेतले असेल, तर त्याने हे विशेष तपासावे. वायुरूप इंधन कोरडे जळते आणि व्हॉल्व्हच्या बैठका अधिक वेगाने खाली बसतात. लक्षण असे की टॅपेटमधील अंतर पुनःपुन्हा कमी होते.

सुरू होण्याच्या तक्रारी मात्र इंजिनाच्या अंतर्भागाशी क्वचितच संबंधित असतात. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात ओल जाऊन गाडी मिसिंग मारते. कोरड्या फडक्याने पुसले की ती चालू लागते. टोपणाला केसाएवढी चीर असेल तर ठिणगी तिच्यातून पळते. पॉइंटमधील अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडे कमी असते, आणि ते झिजत जाते. बाजारात मिळणारे हलक्या प्रतीचे कंडेन्सर हा हल्लीचा मोठा उपद्रव आहे. नवा भाग बसवला म्हणून तो चांगलाच असेल, असे धरून चालू नये. जुना चालू स्थितीतील कंडेन्सर फेकून न देता डिकीत ठेवावा.

आता त्या "फुल इंजिन"कडे वळावे. शक्ती कमी झाली, धूर येतो, तेल लागते, एवढ्यावरून इंजिन उघडणे म्हणजे ताळेबंद न पाहता पेढी बंद करण्यासारखे आहे. तपासणीची रीत सोपी असून ती मालकाच्या समक्ष व्हावी. इंजिन गरम करावे, चारही प्लग काढावेत, कोणी तरी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारावा, आणि प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजवर पाहून लिहून घ्यावे. एकेका आकड्यापेक्षा चार आकड्यांतील तफावत महत्त्वाची. चौघेही जवळजवळ सारखे असतील, तर घाई करण्याचे कारण नाही. एखादा फारच खाली असेल, तर त्या सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा व बोअर झिजले आहेत, कारण तेलाने ती फट क्षणभर बुजवली. आकडा चढला नाही तर गळती व्हॉल्व्हमधून आहे, आणि तिचा उपाय हेड उतरवून, व्हॉल्व्ह घासून होतो. ब्लॉकला हात लावण्याची गरज नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकाच वेळी खाली असतील तर त्यांच्या मधल्या पट्टीत गॅस्केट फुटले असण्याचा संभव अधिक. या एका तपासणीने खर्चाची रक्कम निम्म्याहून खाली येण्याची उदाहरणे गॅरेजांत नित्य घडतात.

धुराचीही भाषा आहे. सकाळी सुरू करताच किंवा घाट उतरून पुन्हा गती देताना निळा धूर येऊन थांबत असेल, तर तेल व्हॉल्व्हच्या गाइडमधून उतरते आहे. हे काम हेडपुरते. चढावर ओझे ओढताना निळा धूर सतत येत असेल आणि तेलाच्या झाकणातून वाफ धडधडत बाहेर येत असेल, तर मात्र रिंगांनी मान टाकली. काळा धूर हा कार्ब्युरेटरचा, त्यात इंजिनाचा अपराध नाही.

रिबोअर खरोखरच आवश्यक ठरला, तर ब्लॉक पूर्वी किती मापाने मोठा केला आहे हे प्रथम मोजावे. ठरावीक मापांपलीकडे बोअर वाढवता येत नाही. तेव्हा स्लीव्ह ठोकून मूळ ६८ मिलिमीटरचे माप परत आणावे लागते. चाळीस-पन्नास वर्षांच्या ब्लॉकमध्ये बहुधा स्लीव्हच अधिक सुरक्षित ठरते. तीनच मुख्य बेअरिंगांचा आधार असल्याने क्रँकचे ग्राइंडिंग आणि तोल यांत कुचराई चालत नाही. नव्या इंजिनास पहिले काही शे किलोमीटर सौम्यपणे वागवावे आणि पहिले तेल लवकर बदलावे. तेल साधे, २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० दर्जाचे असावे. आधुनिक गाड्यांसाठीची पाण्यासारखी पातळ तेले महाग असली तरी येथे घातक. त्या काळच्या बेअरिंगांतील फटी त्यांच्यासाठी आखलेल्याच नाहीत.

पद्मिनीखालच्या फरशीवरील तेलाचे डाग हा तर गाडीबरोबर आलेला वारसा. रॉकरच्या झाकणाखालील बुचाचे गॅस्केट, पंपाची बैठक आणि तेलाची टाकी यांतून थोडे पाझरणे चालायचेच. ते थांबवण्यासाठी नट जोराने आवळले की बूच चिरडते आणि गळती वाढते.

खर्च करावा की न करावा, याचे उत्तर खातेवहीत शोधणाऱ्यांची निराशा होईल. पेढीच्या नावावरील मोटारीस सध्याच्या १५ टक्के दराने, घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा लावला, तर १ लाख रुपयांच्या गाडीची पुस्तकी किंमत वीस वर्षांनी ३,९०० रुपयांच्याही खाली येते, आणि तरी ती कधीच शून्य होत नाही. बाजारात मात्र सुस्थितीतील पद्मिनीची किंमत या सूत्राचे ऐकत नाही. रोजच्या दुकान-घर फेऱ्यांसाठी तिच्यावर पैसा घालणे तोट्याचे; सणासुदीला, रविवारी सकाळी चालवण्यासाठी ठेवायची असेल तर तपासून, टप्प्याटप्प्याने केलेला खर्च झेपण्याजोगा असतो.

कागदपत्रांचे दोन मुद्दे दुरुस्तीबरोबरच उरकावेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाडीस 'व्हिंटेज' म्हणून नोंदवण्याची सोय २०२१पासून झाली आहे; मात्र तशी नोंद झालेली गाडी नित्याच्या वापरास काढता येत नाही. दुरुस्तीत ब्लॉकच बदलला असेल, तर नव्या ब्लॉकवरील इंजिन क्रमांक आरसी पुस्तकात चढवून घेणे आवश्यक आहे. दोन क्रमांक जुळले नाहीत की नूतनीकरण तेथेच अडते, आणि विमा कंपनीलाही आयतेच कारण मिळते.

आरसी पुस्तक हातात घेतलेच आहे, तर आणखी एक ओळ वाचावी. गाडी त्या काळी बँकेच्या कर्जाने घेतलेली असल्यास बोज्याची नोंद तेथे अजूनही आढळेल. कर्ज फिटून तीन दशके लोटली, कर्जदार वडील हयात नाहीत, ती बँकही दुसऱ्या बँकेत विलीन झाली, तरी ती ओळ आपोआप पुसली जात नाही. त्यासाठी बँकेचे ना-हरकत पत्र आणि सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ परिवहन कार्यालयात द्यावा लागतो. विलीन झालेल्या शाखेचे जुने दप्तर कोठे गेले, याची चौकशी करण्यास वेळ लागतो. म्हणून इंजिन गॅरेजमध्ये उघडलेले असतानाच तो अर्ज बँकेत पडलेला बरा.